पहिल्या ब्रँच ऑडिटला निघालात?

मार्च संपत आला की नव्या सीएच्या ईमेलमध्ये बँकेच्या शाखेचे हिशेब तपासायचं नेमणूकपत्र येऊन पडतं. पत्र उघडताना छाती फुगते, आणि शाखेचं नाव, कर्जाचा आकडा, अहवाल द्यायची तारीख वाचून होईपर्यंत पुन्हा मूळ मापावर येते. मग घरात, ऑफिसात, फोनवर जो भेटेल तो सांगतो, "घाबरू नकोस. तयारी कर, आत्मविश्वास आपोआप येईल." कसली तयारी, ते मात्र कोणी सांगत नाही. मी सांगतो. वीस वर्षं हेच करतोय.

पहिली गोष्ट म्हणजे रिझर्व्ह बँकेचं मालमत्ता वर्गीकरणाचं, म्हणजे कुठलं कर्ज चांगलं आणि कुठलं थकलेलं ते ठरवायचं, परिपत्रक चुकूनही उघडू नका. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, हे परीक्षेपासून पाठ आहे ना? तेवढं पुरे. पुढे वाचलंत तर कळेल की पीक कर्जाला हे ९० दिवस लागूच नाहीत. तिथे अल्प मुदतीच्या पिकाला दोन हंगाम आणि दीर्घ मुदतीच्या पिकाला एक हंगाम थकबाकी राहावी लागते. दीर्घ मुदतीचं म्हणजे ज्याचा हंगाम वर्षापेक्षा मोठा ते. झालं! आता समोरच्या कर्जदाराचा ऊस आडसाली की सुरू, की तो खोडव्यावर चाललाय, हा प्रश्न तुमच्या डोक्यात वळवळायला लागणार. आणखी चार पानं उलटलीत तर सापडेल की कॅश क्रेडिटवाल्याचं, म्हणजे मालाच्या तारणावर खेळतं भांडवल उचलणाऱ्याचं, स्टॉक स्टेटमेंट (मालसाठ्याचा तक्ता) तीन महिन्यांहून जुनं असेल, तर त्यावर काढलेली रक्कमही अनियमित धरतात आणि असं सलग ९० दिवस चाललं की ते खातंही एनपीए. म्हणजे व्याज वेळच्या वेळी भरणारी, दिवाळीला शाखेत मिठाई वाटणारी पार्टीसुद्धा तुम्हाला संशयास्पद दिसू लागणार. वाचनाने आत्मविश्वास वाढतो, हे बोलायला ठीक आहे. माझ्या पाहण्यात तरी वाचनाने फक्त शंका वाढल्यात.

त्यापेक्षा बॅग घ्या. चांगली, काळी, भरपूर कप्प्यांची. शर्ट फिका, पेन हिरवं. सोबत एक आर्टिकल, म्हणजे हाताखाली शिकणारा सीएचा विद्यार्थी, हवाच. बॅग त्याच्या खांद्यावर आणि पेन तुमच्या खिशात, ही विभागणी शाखेत शिरताना सगळ्यांच्या नजरेत भरली पाहिजे.

खरी तयारी अहवालाची, आणि तीही आदल्या रात्री. गेल्या वर्षीच्या ऑडिटरचा एलएफएआर, म्हणजे ठरावीक प्रश्नांना उत्तरं देणारा लांबलचक अहवाल, मिळवायचा आणि त्यात वर्ष बदलायचं. २०२०-२१ पासून रिझर्व्ह बँकेने नमुना बदलून थोडा त्रास दिला, पण आता तोही मुरलाय. एकच काळजी घ्या, शाखेचं नाव सगळीकडे बदललंय ना ते बघा. उत्तरं जुळली नाहीत तरी चालतं. माझ्या एका अहवालात शाखेची लॉकर व्यवस्था 'समाधानकारक' होती. त्या शाखेत लॉकरच नव्हते. मला हे दोन वर्षांनी कळलं, तेही मीच तो अहवाल पुन्हा कॉपी करायला उघडला म्हणून. मधल्या काळात कोणाचा एक फोन आला असेल तर शपथ!

शाखेत गेल्यावर मॅनेजर म्हणतील, "साहेब, आधी चहा." घ्या. मग म्हणतील, "वर्गीकरण सगळं सिस्टीमच करते, आमच्या हातात काही नसतं." मान डोलवा. सिस्टीममध्ये थकबाकीची तारीख कोणी भरली, मुदत वाढवून कोणी दिली, असलं काही विचारलंत की चहा थंड होतो. तरीही एखादी गोष्ट खुपलीच, तर आपल्या धंद्यातली अजोड ओळ आहे: 'आम्हाला दिलेल्या माहिती व स्पष्टीकरणानुसार.' ही ओळ म्हणजे छत्री. माहिती कोणी दिली, खरी होती का, हे छत्रीखालून दिसत नाही.

कोणी जास्तच बोलायला लागलं तर त्याच्या तोंडावर १८९६ चा निकाल फेका. इंग्लंडमधली किंग्स्टन कॉटन मिल. मॅनेजर वर्षानुवर्षं मालाचा साठा फुगवून दाखवत होता, ऑडिटर त्याच्याच दाखल्यावर टिक मारत होते, आणि कोर्टाने ऑडिटरना सोडलं. लॉर्ड जस्टिस लोप्स म्हणाले, ऑडिटर हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा नव्हे. इथेच थांबा. संशयाजोगं काही दिसलं तर तळापर्यंत खणलं पाहिजे, असंही त्याच निकालात आहे. तेव्हा काही दिसणारच नाही अशा बेताने बसायचं, एवढीच ती तयारी. सत्यम या संगणक कंपनीत ५,०४० कोटींची रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. ते जगाला कळलं ७ जानेवारी २००९ ला, आणि कळवलं खुद्द अध्यक्षांनी पत्र लिहून. बँकेकडून शिल्लक थेट मागवावी, त्यासाठी लेखापरीक्षणाचं ५०५ क्रमांकाचं एक अख्खं मानक आहे. पण टपालाचा भरवसा काय? पार्टीने हातोहात दिलेला कागद कसा कुरकुरीत असतो, घडीसुद्धा पडलेली नसते.

ब्रँच ऑडिट अंगवळणी पडलं की स्टॉक ऑडिटची, म्हणजे कर्जदाराचा तारण माल मोजायची, कामं येऊ लागतात. त्यासाठी एकच सल्ला: शिडी मागू नका.

मी मागितली होती. सोयाबीनचं गोडाऊन, एप्रिलची दुपार, वर पत्रे तापलेले. समोर पोत्यांची देखणी थप्पी. मुनीमजींनी पाठ केल्यासारखं सांगितलं, रुंदीला बारा, खोलीला वीस, उंचीला पंधरा. बारा विसा दोनशे चाळीस, पंधरा थर, छत्तीसशे पोती. स्टेटमेंटमध्ये छत्तीसशेच. हिरवी टिक मारून पाचची एसटी सहज मिळाली असती. पण त्या वर्षी मी नेमका काहीबाही वाचून गेलो होतो. म्हटलं, शिडी आहे का? गोडाऊनमध्ये शिडी नव्हती. शेजारच्या दुकानातही नव्हती. तासाभराने रंगाऱ्याची एक आली, तिची मधली पायरी तुटलेली. वर चढलो तर मधोमध विहीर. चारही बाजूंनी दोन-दोन पोत्यांची भिंत, आत पोकळी, तळाला रिकामं बारदान आणि त्यावर व्यालेली मांजर. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच विनापरवानगी आलोय. खालून मालकांचा शांत आवाज आला, "हवा खेळायला जागा ठेवलीय, साहेब. नाहीतर माल गरम होतो."

सोळाशे ऐंशी पोती भरली. एसटी गेली. घरी पोचलो रात्री पावणेबाराला, आणि पुढचे तीन महिने बँक, पार्टी आणि पार्टीचे मेहुणे अशा तिघांच्या पत्रांना उत्तरं देत बसलो. एका तुटक्या शिडीपायी!

शेवटचा धोका आर्टिकलचा. तुम्ही नाही वाचलंत तरी तो वाचून येऊ शकतो. गेल्या वर्षी माझ्यासोबत एक मुलगी होती, नुकतीच इंटर पास झालेली. एसटीत मी डुलकी घेत होतो आणि ही मोबाइलवर परिपत्रक वाचत होती. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. दुपारी, मॅनेजरसाहेब समोर बसलेले असताना, तिने हळूच विचारलं, "सर, या खात्यात सहा महिने काही जमा नाही. २९ मार्चला एकदम अकरा लाख आले, आणि २ एप्रिलला अकरा लाख गेले. कुठे गेले असतील?"

मॅनेजर पंख्याकडे बघायला लागले. मीही पंख्याकडे बघितलं. असल्या वेळी आर्टिकलला झेरॉक्स काढायला पिटाळायचं, ही आमच्या व्यवसायातली जुनी रीत. मी म्हटलं, "तू जरा झेरॉक्स काढून आण बरं." कशाच्या, ते सांगायचं राहिलं.

ती पाच मिनिटांत परत आली. २ एप्रिलचं व्हाउचर, दोन प्रती.

"एक वर्किंग पेपरला लावते, सर," ती म्हणाली, "आणि एक तुमच्यासाठी."