‘रापलेल्या मानेवर साज खुलत नाही’ असं लिहिणाऱ्या वाचकांना

नमस्कार.

ट्रेकिंग, सायकल आणि मॉडेलिंग मी एकत्र कसं सांभाळते यावर लिहिलं होतं, त्यावर आपली प्रतिक्रिया आली. खाली सही फक्त ‘एक जुना वाचक’. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून ती थोडक्यात देते. मॉडेलचं शरीर हेच तिचं भांडवल, ते डोंगरात उधळणं बेजबाबदारपणाचं. हातपाय मोडला तर ज्यांनी काम दिलं त्यांचं नुकसान. असले शौक पुण्यामुंबईच्यांना परवडतात. सनस्क्रीन लावलं तरी ते घामानं वाहून जातं. आणि शेवटी, ‘पोरी, उन्हात रापलेल्या मानेवर साज खुलत नाही, घरच्यांनी सांगितलं नाही का?’

आधी हे ‘पोरी’. कोल्हापुरात वडीलधारं माणूस ‘पोरी’ म्हणतं तेव्हा त्यात माया असते, हे मला कुणी शिकवायला नको, मी इथलीच आहे. आपल्या वाक्यात ती माया नव्हती. आणि घरच्यांचं काढलंतच तर ऐका. प्राथमिक शाळेत असताना पहाटे उठवून रंकाळ्यावर पळायला नेणारे माझे वडीलच. पहिलं दागिन्यांचं शूट मिळालं तेव्हा दिवसभर स्टुडिओत बसून राहिली ती माझी आई. दोघांनी मला पुष्कळ काही सांगितलं, पण ऊन टाळ असं कधीच सांगितलं नाही.

आता मानेचं. आपला कोल्हापुरी साज, हा पानड्यांचा हार, काय फक्त गुजरीतल्या सराफांच्या काचेमागं ठेवायला घडवतात? माझी आजी जन्मभर उसाच्या रानात राबली. जोतिबाच्या यात्रेला निघताना ती पेटीतून साज काढायची आणि मागची दोरी माझ्याकडून बांधून घ्यायची. तिची मान उन्हानं काळवंडलेली होती, त्यावर पानड्यांचं सोनं असं उठायचं की नजर तिथंच जायची. या जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या साज घातला तो अशाच बायकांनी. गोऱ्या मानेची अट जाहिरातवाल्यांनी नंतर आणली आणि आपण ती परंपरा म्हणून माझ्या तोंडावर फेकताय, याचा मला खरंच राग आला.

या धंद्यातले आपण जाणकार असाल, तर रापणं वेगळं आणि पट्टे पडणं वेगळं, हे आपल्याला माहीत असायला हवं. सगळीकडे सारखा रापलेला रंग कॅमेऱ्यात उत्तम येतो. अडचण होते ती सॅकच्या पट्ट्याखाली राहिलेल्या उजळ पट्टीची. मान आणि खांद्याच्या मधोमध, बरोबर साज टेकतो तिथं ती येते. मग मेकअपवाली ताई भोवतीच्या रापलेल्या कातडीवर काळपटपणा मारणारा नारिंगी करेक्टर लावते, त्यावर कन्सीलर, ओल्या स्पंजनं थापून थापून कडा मिटवते, वर पावडर. म्हणून मी मसाई पठारावर बंद गळ्याचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते. चपलांचं काम ठरलेलं असेल तर पावसाळी ट्रेकला गुडघ्यापर्यंत मोजे, कारण जळवांचे डाग घोट्यावर बरेच दिवस राहतात. हे नियोजन आहे. आपण त्याला बेजबाबदारपणा म्हणालात.

एक मान्य करते. सनस्क्रीन घामानं वाहून जातं, हे आपलं म्हणणं बरोबर आहे. दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं, घाम जास्त असेल तर त्याआधीच. ढगाळ हवेतही लावावं लागतं, कारण अतिनील किरणं ढगांतून येतातच.

आणि खेळानं मला काय दिलं ते कधी विचारलंत? नऊवारी नेसून, गळ्यात ठुशी, साज, मोहनमाळ घालून तापलेल्या दिव्यांखाली तासन् तास ताठ उभं राहायचं म्हणजे पाठ आणि पोटऱ्या भक्कम लागतात. त्या मला पन्हाळ्याच्या चढावर सायकल मारून मिळाल्या. मिलिंद सोमण मॉडेल होण्याआधी राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू होता. पुढं 2015 मध्ये झुरिकला त्यानं आयर्नमॅन पूर्ण केली, म्हणजे 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि त्यावर अख्खी मॅरेथॉन. त्याचं शरीर वाया गेलं असं कुणी म्हणत नाही. तो पुरुष म्हणून ते कौतुक आणि मी केलं की शौक?

पुण्यामुंबईचं म्हणाल तर पन्हाळा, जोतिबा, राधानगरी आपल्या दारात आहेत, त्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही. हातपाय मोडण्याचं म्हणाल तर तो रस्त्यावरच्या खड्ड्यातही मोडतो. करारांबद्दल मी इथं लिहिणार नाही, तो माझा आणि काम देणाऱ्यांचा विषय.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण स्वतःच्या नावानं लिहा आणि माझ्या आईवडिलांना त्यात आणू नका.