फिन लावली म्हणून होडीत चार माणसं जास्त मावत नाहीत

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. "मामा, येताना ड्रिल घेऊन ये, फिन बसवायचीय." वर्सोव्याला त्याची १८ फुटी फायबरची होडी आहे, मागे ४० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक मशीन. मासेमारी बंदीचे दोन महिने, होडी वर ओढलेली, हाताशी वेळ, आणि तीन-तीन ग्रुपांवरून आलेला तोच एक मेसेज.

मेसेज थोडक्यात असा: मशीनच्या पंख्यावर जी प्लेट असते तिला हायड्रोफॉइल फिन, म्हणजे पंखासारखी आडवी पट्टी, लावा. होडी माणसाच्या चालायच्या वेगाला प्लेन होते (पाणी कापायचं सोडून पाण्यावर घसरत पळते), पेट्रोल निम्मं लागतं, चार माणसं जास्त घेतली तरी मागची बाजू दबत नाही. कुठल्याही होडीला चालते, तोटा शून्य. खाली शर्यतीच्या बोटी पाण्याच्या वर उडतानाचा फोटो, "हेच तंत्र" म्हणून.

मी २२ वर्षं ही मशीनं खोलतोय आणि जोडतोय. फिन लावलेल्याही, काढलेल्याही.

आधी फोटोचं बोलू. हे तंत्र ते नव्हे. इटलीच्या फोर्लानिनींनी १९०६ मध्ये माज्जोरे तलावावर जी बोट उचलली, किंवा ग्रॅहम बेल यांच्या ज्या बोटीने १९१९ मध्ये ताशी ७० मैलांच्या वर वेग गाठला, त्यांच्या तळाखाली दांड्यांवर पंख बसवलेले होते. बोटीचं सगळं वजन त्या पंखांवर. आपली फिन मशीनच्या शेपटीला असते. ती फक्त मागची बाजू उचलते आणि त्यामुळे नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, खाली बसते. एवढंच तिचं काम.

आणि हे काम ती करते, हे मला मान्य करावंच लागतं. होडीची पाण्यातली लांबी १६ फूट धरली तर वर्गमूळ ४, त्याला १.३४ ने गुणलं की साधारण ५.४ नॉट, म्हणजे ताशी १० किलोमीटर. त्याच्या वर गेलं की होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला लागते. मागची बाजू बसते, नाळ आकाशाकडे जाते, सुकाणूवर बसलेल्याला पुढचे डोल जाळ्यांचे खांब दिसत नाहीत. जड फोर-स्ट्रोक मशीनच्या आखूड होडीला हा चढ फार छळतो. फिन तो चढ लवकर पार करून देते आणि वेग थोडा कमी केला तरी होडी प्लेनवरून पटकन खाली पडत नाही. मेसेजमधलं खरं ते इतकंच.

"चालायच्या वेगाला" हे मात्र साफ खोटं. पंखाची उचल वेगाच्या वर्गाने वाढते. ५०० चौरस सेंटिमीटरची फिन घ्या, पाण्याशी तिचा कोन तोच ठेवा. हिशेब केला तर ५ नॉटला ती जेमतेम ९ किलो उचलते, १२ नॉटला ५० किलो आणि २० नॉटला १४० किलोच्या आसपास. म्हणजे जाळं ओढताना, गळ टाकून सावकाश फिरताना तिचा उपयोग नाही. आणि २० नॉटला, जेव्हा तुम्हाला गरज उरलेली नसते, तेव्हा फिन पाण्यात बुडालेली असेल तर ती नाळ दाबत बसते.

आता चार माणसांची गोष्ट. भाच्यावर मी ओरडलो तो याच ओळीसाठी. नारळी पौर्णिमेनंतर तो गळाने मासे धरायला येणाऱ्या शहरातल्या लोकांना रविवारी घेऊन जातो. पाचच्या जागी नऊ बसवता येतील, असं त्याने मनात ठरवूनही टाकलं होतं.

फिन वजन उचलते ती मशीन ढकलत असेल तोवर. पेट्रोलमध्ये पाणी आलं, पंख्यात प्लॅस्टिक अडकलं (आपल्या खाडीत ते रोजचंच), मशीन बंद पडलं, की उचल शून्य. नऊ माणसांचं वजन त्याच क्षणी मागच्या फळीवर येतं आणि फळीची कड पाण्यापासून वीतभर उरते. होडीत किती माणसं बसतील हे ती उभी असताना ठरतं. पळताना ती कशी दिसते त्यावरून ठरत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या फिनवाल्या होडीतून आम्ही खाडीत शिरत होतो. तोंडाशी गाळ, ओहोटीचं पाणी बाहेर येतंय, मागून लाटा. एका लाटेच्या उतारावर होडी आली तशी मागची बाजू वर राहिली आणि नाळ समोरच्या पाण्यात घुसली. सुकाणू हातात असून नसल्यासारखं, होडी आडवी फिरायला लागली. त्याने घाबरून थ्रॉटल एकदम बंद केला आणि मागची लाट फळीवरून आत आली. घोट्यापर्यंत पाणी. आम्ही तिघेच होतो म्हणून डब्याने उपसून निघालो. नऊ असते तर पाणी उपसायला वाकायलाही जागा नव्हती.

पेट्रोल निम्मं? डॅनियल सॅवित्स्कींचा १९६४ चा निबंध आजही प्लेन होणाऱ्या बोटींच्या हिशेबाला वापरतात. त्यात पाण्याचा विरोध दोन भागांत मांडलाय: एक नाळ वर उचलली गेल्यामुळे होणारा, दुसरा ओल्या तळाच्या घर्षणाचा. ९०० किलोच्या होडीची नाळ ८ अंश वर असेल तर पहिला भाग १२६ किलो, ४ अंशांवर ६३ किलो. इथे निम्मं होतं खरं, पण फक्त त्या चढावर. कोन साधारण ४ अंशांच्या खाली नेला की तळ जास्त भिजतो, घर्षण वाढतं आणि एकूण विरोध परत वर जातो. वेगात असताना बुडालेली फिन तुमचं पेट्रोल खाते.

"तोटा शून्य" लिहिणाऱ्याने माझ्याकडे येऊन प्लेट बघावी. आपण तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतो, पण तिचं काम वरची हवा पंख्यात ओढली जाऊ न देणं. भार पेलायला ती केलेलीच नाही. ओतीव अॅल्युमिनियमला भोकं पाडून स्टीलचे बोल्ट आवळले, वर खारं पाणी. वर्षभराने बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसते आणि एका भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी चीर. तशी एक प्लेट माझ्या बाकड्याखाली पडलीय.

मी ड्रिल नेलंच नाही. होडी पाण्यात उतरल्यावर आधी खाडीच्या आतच, शांत पाण्यात, एक चक्कर मारली. पेट्रोलची टाकी आणि बर्फाची पेटी मागून मधल्या फळीपुढे सरकवली, ट्रिम, म्हणजे मशीनचा कोन, पूर्ण आत घेतला. तळाची कालवं त्याने आधीच खरवडली होती. तीन माणसांनिशी होडी नेहमीपेक्षा लवकर प्लेनवर आली आणि नाळेवरून समोरचे बोये दिसत राहिले. आता एक कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढे ढकलणारा) पंखा मागवलाय, तो लावून बघू. एवढं करूनही मागची बाजू बसत राहिली, तर भोकं न पाडता चिमट्याने आवळायची फिन मी स्वतः लावून देईन, माणसं पाचच.

मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनो, बाकीचं तुमचं तुम्ही बघा. चार माणसांची ओळ मात्र आज रात्रीच काढा. रविवारी सकाळच्या भरतीला होड्या सुटतात.