जिप्सी ट्रान्सफर केस किट: दोन तारे देणाऱ्या ग्राहकाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला आणि सोबतचे फोटो मोठे करून पाहिले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जिप्सी किंगसाठी आमचं ट्रान्सफर केसचं (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीचं) किट घेतलंत, दोन रविवार खर्चून घरीच ट्रान्सफर खोललीत, सगळी बेअरिंग आणि ऑइल सील बदललीत. तरी टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद, नेहमीचा रस्त्याचा रेशो) ४५ ते ६० च्या वेगात घरघर तशीच आहे आणि मागच्या फ्लॅन्जखाली, म्हणजे मागचा प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतात त्या चकतीखाली, तेल ठिबकतंय. दुकानात फोन केलात तर ‘मेकॅनिकला दाखवा’ एवढंच ऐकायला मिळालं. म्हणून ‘माल हलका, पैसे पाण्यात’.

फोनवरच्या त्या उत्तराबद्दल माफी मागतो. स्वतः केस उघडून शाफ्टपर्यंत पोचलेल्या माणसाला असं उत्तर द्यायचं नसतं. आमची दुसरी चूक त्याहून मोठी आहे. किटच्या नावात ‘संपूर्ण’ असा शब्द होता, पण आत काउंटर शाफ्ट (मधला काउंटर गिअर ज्यावर फिरतो तो दांडा) नव्हता आणि त्याचे थ्रस्ट वॉशरही (गिअरला आडवं सरकू न देणाऱ्या चकत्या) नव्हते. तो शब्द आज काढला आहे. बेअरिंगच्या दर्जाबद्दलचं तुमचं मत मात्र आम्हाला पटत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच चौथ्या फोटोत आहे.

त्या फोटोत काउंटर शाफ्ट कापडावर ठेवलेला आहे. त्याच्या दोन्ही टोकांकडे करडे पट्टे दिसतात आणि एका पट्ट्यात बारीक खड्डे आहेत. काउंटर गिअरच्या नीडल बेअरिंगला (गोळ्यांऐवजी सुयांसारखे बारीक रोलर असलेल्या) बॉल बेअरिंगसारखी स्वतःची आतली-बाहेरची रिंग नसते. सुया थेट शाफ्टवर फिरतात आणि बाहेरून थेट गिअरच्या पोटात टेकतात. म्हणजे शाफ्ट हीच आतली रिंग आणि गिअरचं भोक हीच बाहेरची. खड्डे पडलेल्या शाफ्टवर कितीही चांगल्या नव्या सुया घातल्या तरी त्या त्याच खड्ड्यांवरून फिरणार, आवाज तोच राहणार आणि काही महिन्यांत नव्या सुयाही खराब होणार. हे किटच्या कागदावर ठळक छापायला हवं होतं. ते नव्हतं.

तपासणी सोपी आहे. शाफ्ट डिझेलने धुऊन कोरडा करा आणि पट्ट्यावरून नख आडवं ओढा. नख अडलं तर शाफ्ट बाद. नख अडत नसेल तर मायक्रोमीटरने सुया फिरतात तिथे आणि फिरत नाहीत तिथे असं दोन जागी मापा. फरक ०.०२ मिमीपेक्षा जास्त असेल तर आम्ही तो शाफ्ट परत बसवू देत नाही. गिअरच्या पोटात टॉर्च मारून पाहा. तिथेही खड्डे असतील तर काउंटर गिअरच बदलावा लागतो, आणि तो खर्च किटपेक्षा जास्त आहे हे आधीच सांगून ठेवतो. थ्रस्ट वॉशर जुना आणि नवा शेजारी ठेवून जाडी मापा. वॉशर झिजला की गिअर आडवा सरकतो, आणि तिरक्या दातांचा गिअर आडवा सरकला की पेडल दाबताना एक आवाज येतो आणि सोडताना वेगळा.

पण शाफ्ट मागवण्याआधी आवाज नक्की ट्रान्सफरचाच आहे का, हे घरीच ठरवता येतं. गाडी सपाट जागी, चारही चाकांना दगड लावा. ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये असताना गाडी गिअरमध्ये असूनही घरंगळू शकते, म्हणून दगड हवेतच. ट्रान्सफरचा दांडा न्यूट्रलला, गिअरबॉक्स चौथ्यात, इंजिन २००० आरपीएमला. आता गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर जोडणारा मधला छोटा शाफ्ट, ट्रान्सफरचा इनपुट आणि काउंटर गिअर फिरतायत, चाकांकडे जाणारा आउटपुट शाफ्ट उभा आहे. घरघर इथेच आली तर दोष इनपुट बेअरिंगमध्ये, काउंटरमध्ये किंवा मधल्या शाफ्टच्या क्रॉसमध्ये (टोकाच्या वळत्या सांध्यात). चौथाच गिअर घ्यायचं कारण म्हणजे तो डायरेक्ट, म्हणजे एकास एक थेट जोड आहे, त्यात गिअरबॉक्सच्या दातांवर भार येत नाही. तिसऱ्यात आवाज आणि चौथ्यात शांतता असेल तर ट्रान्सफरला दोष देऊ नका, गिअरबॉक्स ऐका. उभ्या गाडीत शांतता आणि चालताना आवाज असेल तर आउटपुटची बेअरिंग, मागचा प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल यांच्याकडे वळा. ही चाचणी बिनभाराची असते, त्यामुळे सुरुवातीची झीज तिच्यात लपू शकते. तुम्ही लिहिलंय तेवढी घरघर लपणार नाही.

पुढची चाचणी फक्त मातीच्या रस्त्यावर करा: फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ताकद आणि हळू रेशो. लोमध्येही काउंटर गिअर तोच असतो, आउटपुटकडची जोडी वेगळी. इंजिन त्याच आरपीएमला ठेवून आवाज हाय आणि लो दोन्हीत आला तर काउंटरच्या सुया किंवा इनपुट बेअरिंग. फक्त हायमध्ये आला तर हायच्या जोडीचे दात. दात असतील तर त्यावर बेअरिंगचा उपाय नाही. उलट एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: वर्षानुवर्षं ढिल्या बेअरिंगवर चाललेले दात त्या वाकड्या जागीच एकमेकांना घासून बसलेले असतात. नवं बेअरिंग गिअरला मूळ जागी आणतं, जुने ठसे जुळत नाहीत आणि थोडी शिट्टी नव्याने सुरू होऊ शकते.

जिप्सीची ट्रान्सफर पूर्ण गप्प कधीच होत नाही, तेही इथे नोंदवतो. कित्येक फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत हाय म्हणजे थेट जोड, एकास एक. जिप्सी किंगमध्ये हायचा रेशो १.४०९ आणि लोचा २.२६८, म्हणजे डांबरी रस्त्यावर टू-हायमध्येही सगळी ताकद काउंटर गिअरमधूनच जाते. बारीक सूर राहणारच. पायाला फ्लोअरमधून जाणवणारी घरघर मात्र राहता कामा नये.

आता बेअरिंग बसवण्याबद्दल, कारण सहाव्या फोटोत इनपुट बेअरिंगच्या आतल्या रिंगवर पाइप ठेवलाय आणि बेअरिंग केसमध्ये चाललंय. घट्ट बसणारी रिंग बाहेरची, ठोका आतल्या रिंगवर. तो ठोका गोळ्यांमधून जातो आणि वाटेत त्यांचे ठसे उमटतात, म्हणजे नवं बेअरिंग पहिल्या किलोमीटरपासून वाजतं. ठोकण्याची गरजच नाही. केस ओव्हनमध्ये १०० अंशांपर्यंत तापवा आणि बेअरिंग पिशवीत घालून दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा. ६२ मिमीचं अॅल्युमिनियमचं भोक ८० अंशांच्या वाढीने साधारण ०.११ मिमी मोठं होतं. बेअरिंग हाताने जागेवर बसतं. शाफ्टवर चढवायचं असेल तर उलट: बेअरिंग गरम तेलात ८०–९० अंशांपर्यंत, आणि पाइप आतल्या रिंगवर. तुमचं इनपुट बेअरिंग काढून धुवा आणि बोटावर हळू फिरवा. सारख्या अंतरावर अडखळत असेल तर ते ठोक्याचे ठसे आहेत. ते बेअरिंग आम्ही बदलून देऊ, कारण बसवण्याची रीत आमच्या कागदावर नव्हती.

ठिबकण्याची कारणं तीन, याच क्रमाने तपासा. सगळ्यात आधी ब्रीदर, म्हणजे केसमधली हवा बाहेर सोडणारी वाट: चिखलाने तुंबला असेल तर गरम झालेली हवा नव्या सीललाही ढकलते. त्यात तार घालून फुंका. मग फ्लॅन्जवर सील घासतं ती जागा: तिथे खाच पडली असेल तर नवं सील त्याच खाचेत बसतं आणि गळतं. सील दीड-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवून ओठ कोऱ्या जागी आणा किंवा फ्लॅन्ज बदला. तिसरं कारण स्प्लाइन, म्हणजे फ्लॅन्ज ज्यावर चढते त्या शाफ्टवरच्या उभ्या खाचा. तेल सीलमधून न येता स्प्लाइनमधून नटकडे येतं, म्हणून फ्लॅन्ज चढवताना स्प्लाइनवर सीलंटचा पातळ हात द्यावा लागतो. फ्लॅन्जचा नट एअर गनने मारू नका. ११० ते १५० न्यूटन-मीटर, टॉर्क रेंचने. नट ढिला राहिला तर बेअरिंगची आतली रिंग पकडली जात नाही आणि शाफ्ट पुढे-मागे खेळतो. केसच्या जोडावरचं सिलिकॉनही जास्त झालंय. आत लोंबणारी ती दोरी तुटून तेलाच्या वाटेत अडकते. एक-दीड मिलिमीटरची रेघ पुरे.

तुम्ही १४० नंबरचं घट्ट तेल भरल्याचं लिहिलंय. ते काढा. त्याने आवाज दबतो, पण थंड गाडीत सुयांपर्यंत तेल उशिरा पोचतं आणि झीज वाढते. ट्रान्सफरला ०.८ लीटर लागतं, ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०, गाडी सपाट उभी करून लेव्हल प्लगमधून बाहेर येईपर्यंत.

केस पुन्हा उतरवणारच आहात तर तिची तीन रबरी फाउंडेशन पाहा. एक जरी दबलं असेल तर केस कलते, मधल्या शाफ्टच्या क्रॉसचा कोन बदलतो आणि त्याची थरथर बेअरिंगच्या घरघरीसारखीच वाटते. मधल्या शाफ्टची दोन्ही टोकं एका रेषेत जोडलीत ना, तेही खुणेवरून तपासा.

काउंटर शाफ्ट, दोन थ्रस्ट वॉशर आणि शाफ्टची ओ-रिंग तुमच्या पत्त्यावर विनामूल्य पाठवतो, कारण ‘संपूर्ण’ म्हणून विकलेल्या किटमध्ये ते असायलाच हवं होतं. जुना शाफ्ट बाहेर काढल्यावर गिअरच्या पोटाचा फोटो आधी पाठवा आणि मगच जोडा. गिअर बाद निघाला तर नव्या शाफ्टवर आणखी एक रविवार वाया घालवू नका. तशा वेळी किटचे पूर्ण पैसे परत हवे असतील तर तेही देऊ. फोन केलात तर ट्रान्सफरचं काम करणाऱ्या माणसालाच जोडून देतील, तशी सूचना दुकानात दिली आहे.