आमचे आम्हीच वकील

समन्स दारात आलं आणि घरातल्या प्रत्येकाचं कायद्याचं शिक्षण उभ्याउभ्या पूर्ण झालं. खालच्या मजल्यावरच्यांनी आमच्या न्हाणीघरातून गळतं म्हणून दिवाणी दावा ठोकला होता. (गळत नाही. ओल येते.) कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस, कोर्टाची मर्जी असली तर फार फार तर ९०. म्हणजे वकील लावायचा की आपणच उभं राहायचं, हे लवकर ठरवायला हवं होतं.

मेहुणा म्हणाला, "दाजी, वकील कशाला? मी बोलतो की!" तो सोसायटीच्या सभेत इतरांना बोलू न देण्याबद्दल प्रसिद्ध आहे. सुदैवानं १९६१चा अधिवक्ता कायदा आहे. मला माझ्यासाठी बोलता येतं, पण वकील नसलेल्या मेहुण्याला माझ्यासाठी बोलायचं तर कोर्टाची परवानगी लागते. कायदा करणाऱ्यांनाही मेहुणे असणार.

मग मीच उभं राहायचं ठरवलं आणि तालीम सुरू केली. सरतपास, म्हणजे आपल्याच बाजूची पहिली साक्ष, सोपा; तो प्रतिज्ञापत्रावर होतो. उलटतपास समोरचे वकील घेणार. अडलं ते फेरतपासाशी, म्हणजे त्यानंतर आपल्या बाजूनं पुन्हा विचारायच्या प्रश्नांशी. साक्षीदार मी, प्रश्न विचारणाराही मी. खाली उभं राहून विचारायचं आणि पळत पिंजऱ्यात चढून उत्तर द्यायचं? त्यातून फेरतपासात समोरच्यानं हरकत घेतली तर सूचक, म्हणजे उत्तर सुचवणारा, प्रश्न चालत नाही. आता जे उत्तर मलाच ठाऊक आहे ते मला न सुचवता मी माझ्याकडून काढून घ्यायचं तरी कसं? आरशासमोर प्रयत्न केला. आरशातल्यानं हरकत घेतली.

धीर द्यायला मेहुण्यानं अमेरिकेतल्या क्लॅरेन्स गिडियनची गोष्ट सांगितली. १९६१ साली फ्लोरिडातल्या कोर्टानं त्याला सरकारी खर्चानं वकील द्यायला नकार दिला. गडी स्वतःच लढला, हरला, तुरुंगात गेला, तिथून पेन्सिलीनं थेट सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला आणि १९६३ साली जिंकला! माझे बाहू फुरफुरू लागले.

"जिंकला म्हणजे मिळालं काय त्याला?" हिनं विचारलं.

मेहुणा जरा घुटमळला. "वकील."

त्या वकिलानं खटला पुन्हा चालवून त्याला निर्दोष सोडवलं, हेही मेहुण्याला नाइलाजानं सांगावं लागलं.

फुकट वकिलाची सोय आपल्याकडेही आहे. १९८७च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रियांना तो उत्पन्न न बघता मिळू शकतो. माझं उत्पन्न मात्र बघतात. म्हणजे उद्या हिनं माझ्यावर दावा लावला तर तिला वकील फुकट, मी एकटा. "कुटुंब न्यायालयात तसाही वकील हक्कानं मागता येत नाही, १९८४च्या कायद्याचं कलम १३," मी ऐकवलं. "दोघांनी आपापलं बोलायचं."

"मग तिथं जायचं कशाला?" ही म्हणाली.

शेवटी वकिलांकडे गेलो. माझी कैफियत मी लिहूनच नेली होती. तिची सुरुवात खालच्यांनी त्यांच्या मुलीच्या लग्नात आम्हाला शेवटच्या पंगतीला बसवलं तिथपासून होती. वकीलसाहेबांनी पानं चाळली, लाल पेननं एकेक आडवं केलं आणि शेवटी एक वाक्य शिल्लक ठेवलं: 'वादीचे म्हणणे प्रतिवादीस मान्य नाही.' तेही माझं नव्हतं, त्यांनीच वर लिहिलं होतं. मी वकीलपत्रावर सही केली.

"आता एकच लक्षात ठेवा," ते म्हणाले. "उलटतपासात विचारलं तेवढंच सांगायचं. 'त्याचं असं झालं की' म्हणून सुरुवात केलीत की मेलात."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"नाही हो, मी कुठं जास्त बोललो?" साहेब काकुळतीला आले. "त्यांनी जागेचा ताबा विचारला, मी फक्त म्हटलं, त्याचं असं झालं की..."

फोन ठेवून त्यांनी घाम पुसला.

"माझे वकील," ते म्हणाले.