डिपेंडंट बाबा आणि घरातलं पाळणाघर

मागच्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर पुन्हा तो फॉरवर्ड आला. "आज तुम्ही मुलांना पाळणाघरात ठेवलंत, उद्या मुलं तुम्हाला वृद्धाश्रमात ठेवतील." खाली गुलाबाचं फूल आणि जोडलेले हात. टाकला होता मामांनी, ज्यांनी स्वतःच्या दोन पोरांपैकी एकाचंही लंगोट कधी बदललेलं नाही (हे मामीच सांगतात, तेही मामांसमोर). झालं, पेटलं. पुण्यातली चुलत बहीण, जिची मुलगी दीड वर्षाची आहे आणि पाळणाघरात जाते, ती भडकली. आत्या म्हणाली आमच्या वेळी असलं काही नव्हतं. कुणीतरी 2016 सालचं ते खारघरच्या पाळणाघराचं सीसीटीव्ही प्रकरण काढलं. मी इकडे न्यू जर्सीत सकाळचा चहा पीत सगळं वाचत बसलो, आणि एक गोष्ट लक्षात आली की एवढ्या मेसेजेसमध्ये आई हा शब्द किती वेळा आला त्याला गणती नाही, आणि बाबा आला तो एकदाच, पाळणाघराची फी किती या मुद्द्यावर.

आपली भाषाच बघा ना. मूल शाळेत 'घालतात', पाळणाघरात मात्र 'टाकतात'.

त्याच शनिवारी लेकीबरोबर 'डॅडी डे केअर' पाहिला, म्हणून हे सगळं डोक्यात एकत्र झालं. 2003 चा पिक्चर, एडी मर्फीचा. एका मोठ्या खाद्यपदार्थांच्या कंपनीत मार्केटिंगला असतो, भाज्यांचं सीरियल विकायला जातो, ते आपटतं आणि नोकरी जाते. बायको वकील, ती नुकतीच कामाला लागलेली. पोराची महागडी प्रीस्कूल परवडत नाही, मग तो आणि त्याच्यासारखाच बेकार मित्र घरातच पाळणाघर उघडतात. समोर त्या महागड्या शाळेची बाई, अँजेलिका ह्यूस्टन, कडक इस्त्रीची, जिच्याकडे चार वर्षांची पोरं कॉलेजच्या एंट्रन्सची तयारी करतात (कोटाच्या क्लासवाल्यांनी बघावा). समीक्षकांनी पिक्चर धुऊन काढला होता आणि त्यांचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही, पण लोकांनी भरपूर पाहिला.

सगळा जोक एवढाच आहे की पुरुषांना पोरं सांभाळता येत नाहीत. पहिल्या दिवशी पोरं साखर खाऊन सुटतात, घराची धूळधाण होते, एक पोरगं संडासात नेम चुकवून येतं आणि एडी मर्फी आत जाऊन जे बघतो त्यावर थिएटर हसतं. हसलो मीही. फक्त त्या बाबाच्या जागी मी राहून आलोय हो.

2016 ला आम्ही इकडे आलो तेव्हा व्हिसा बायकोचा होता, एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा. मी एच-फोर, म्हणजे डिपेंडंट, तिच्यावर अवलंबून. हे शब्द बहुतेक वेळा बायकांना लागू पडतात, इथल्या एडिसन गावातल्या कुठल्याही पार्कात दुपारी जाऊन बघा, इंजिनियर झालेल्या, बँकेत होत्या, अशा बायका झोपाळा ढकलत असतात. त्यात मी एकटा बाप्या. 2015 पासून काही एच-फोरवाल्यांना काम करायची परवानगी मिळायला लागली, पण त्यासाठी जोडीदाराच्या ग्रीन कार्डची एक पायरी, आय-140, मंजूर झालेली लागते, आमची नव्हती. पुण्यात नऊ वर्षं नोकरी केलेला माणूस मी, इथे एक डॉलर कमवायची चोरी.

2017 च्या फेब्रुवारीत लेक झाली. आता गंमत ऐका. त्याच साली भारतात बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांची 26 झाली, पगारी, आणि 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय करायचं बंधन आलं (किती ऑफिसं करतात ते वेगळं). आणि इथे? देशभराचा कायदा 1993 चा, 12 आठवडे, तेही बिनपगारी, तेही कंपनी 50 माणसांची असेल तर. न्यू जर्सी जरा बरं राज्य, त्याच्या स्कीममधून बायकोला थोडे आठवडे अर्ध्यामुर्ध्या पैशांवर मिळाले. मे महिन्यात ती ऑफिसात परत. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना, अमेरिकेत असं कसं असेल म्हणाली.

पहिले सहा महिने माझी आई आली, मग सासूबाई. व्हिजिटर व्हिसाचं हे रहाटगाडगं इकडच्या सगळ्यांना पाठ आहे. आई असेपर्यंत मला कुणी हातच लावू दिला नाही. "तू हो बाजूला, तुला नाही जमायचं, टाळूवर तेल जोरात चोळशील." घरात चोवीस तास रिकामा बसलेला बाप, आणि त्याला बाजूला करून गुडघे दुखणारी आई पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घालतेय. बायको गेली कामाला, घरात दोन माणसं, तरी त्यातलं धरायचं एकच, तेही बाईमाणूस.

सासूबाई गेल्या आणि पहिल्या सोमवारी मी आणि ती. बाहेर गुडघाभर बर्फ. नाचणीचं सत्त्व करायला घेतलं, आईने व्हिडिओ कॉलवर शिकवलेलं, आधी गार पाण्यात कालवायचं हे विसरून सरळ उकळत्या पाण्यात टाकलं, गोळ्याच गोळ्या. तेवढ्यात तिने डायपर सोडवून टाकलं. एका हातात पळी, एका हातात पोरगी, खाली नाचणी, खाली अजून काय काय, रंगावरून कळेना काय कुठलं आहे. एडी मर्फीला निदान मित्र होता जोडीला.

आणि हा खरा फरक. पिक्चरमध्ये नोकरी गेलेला बाप पाळणाघर काढतो, बोर्ड लावतो, आधी शेजारच्या आया संशयाने बघतात मग पोरं आणून सोडतात. मला तेही करता येत नव्हतं. पैसे घेऊन एक पोर सांभाळलं तरी ते काम, आणि काम म्हणजे व्हिसाचा भंग. सिनेमातला सरकारी इन्स्पेक्टर घरी येतो, मुलं जास्त झाली म्हणून अजून एक माणूस ठेवायला लावतो, त्यावर लोक हसतात, पण ते नियम खरोखर आहेत आणि चांगले आहेत, इथल्या डे केअर सेंटरमध्ये दीड वर्षाच्या आतल्या चार बाळांमागे एक माणूस लागतोच, म्हणून तर फी ऐकून आपल्याला घेरी येते. ती फी भरायला ज्याला कमवायची परवानगी नाही त्याने काय करायचं, घरी बसायचं.

तरी एक पोर आलंच. वरच्या मजल्यावरच्या तेलुगू बाईंच्या आईंचा व्हिसा लांबला, दोन महिने त्यांचा दोन वर्षांचा मुलगा माझ्याकडे, फुकट. पिक्चरमध्ये एक पोर असं काही बडबडतं की कुणालाच कळत नाही, शेवटी त्यांचा तिसरा साथीदार, 'स्टार ट्रेक'चा वेडा, ओळखतो की ही त्या मालिकेतली क्लिंगॉन भाषा आहे. आमच्याकडे हा "नीळ्ळु नीळ्ळु" करून रडायचा. केळं दिलं, फेकलं. बिस्कीट दिलं, फेकलं. बरं, निळा बॉल दिला, मला वाटलं निळं काहीतरी हवंय. पाणी हवं होतं त्याला! दोन महिन्यांनी त्या बाईंनी गोंगुऱ्याच्या लोणच्याची बरणी दिली, ती इमिग्रेशनच्या हिशोबात पगार धरतात का कोण जाणे.

आणि कौतुक तर विचारू नका. मॉलमध्ये डायपर बदलला की अमेरिकन आज्ज्या "किती छान बाबा" म्हणणार, बायकोला कुणी कधी म्हटलं नाही. ते सुद्धा बदलायला जागा मिळाली तर. डायपर बदलायचा फळा बायकांच्या टॉयलेटमध्ये असायचा, पुरुषांच्यात नाही, मी किती वेळा गाडीच्या डिकीत बदललंय. न्यूयॉर्कने 2019 मध्ये नव्या बांधकामांना दोन्हीकडे लावायचा नियम केला तोवर आमची डायपरमधून सुटली होती. म्हणजे हे काही बापांचं नंदनवन नाही, तिकडच्यांनी उगाच तसं समजू नये. इथे मी पोर सांभाळलं कारण आजी नव्हती, पैसे नव्हते, परमिट नव्हतं. पुण्यात असतो तर मीही रात्री आठला घरी येऊन तिचा गालगुच्चा घेतला असता आणि ग्रुपवर फॉरवर्ड टाकले असते.

बापाने पोर सांभाळणं हे काही परदेशी खूळ नाही, असं मामांना लिहिलं. गिजुभाई बधेका, वकील माणूस, स्वतःला मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाच्या विचाराने पछाडला, वकिली सोडली आणि 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. गुजरातेत त्यांना 'मूछाळी मा' म्हणतात, मिशांची आई. आपल्याकडे बालवाड्या रुजवणाऱ्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करून मग बोर्डी-कोसबाडला आल्या. म्हणजे आपल्याकडच्या बालवाडीच्या मुळाशी एक बाप आहे आणि आपण अजून फॉरवर्डमध्ये आईला धरून बसलोय. मामांनी अंगठा पाठवला.

हेच मामा 2020 च्या डिसेंबरात अ‍ॅडलेडला 36 वर ऑल आउट झाल्यावर कोहली बाळंतपणाला घरी निघाला तेव्हा "देशापेक्षा बायको मोठी का" म्हणत होते. मग रहाणेने सिरीज जिंकून दिली आणि विषय बंद.

आता धाकट्या भावाला मुलगा झालाय, पुण्यातच. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला 15 दिवस मिळतात, खाजगी कंपनीला तसा कायदाच नाही, याच्या कंपनीने पाच दिवस दिले. त्याचा परवा फोन आला, तिकडे रात्रीचे तीन, कुजबुजत बोलत होता कारण आई उठली तर मूल हातातून काढून घेईल. दादा, ढेकर निघत नाहीये, काय करू. म्हटलं उभा धर, हनुवटी खांद्यावर येऊ दे, थोपटू नको, खालून वर पाठ चोळ. आणि आधी खांद्यावर पंचा टाक रे.

म्हणाला, पंचा कशाला? आणि मग म्हणाला, अरे देवा.