खुलासा: ‘किंग बिस्किट टाइम’मधला किंग कोण?

अमेरिकेतल्या हेलेना (अर्कान्सा) इथल्या केएफएफए रेडिओवरच्या या ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची संगीतशैली) कार्यक्रमाचं नाव प्रसिद्ध ब्लूज गिटारवादक-गायक बी. बी. किंगवरून पडलं, असं सांगणारा मेसेज फिरतोय. ते चूक आहे. कार्यक्रम सुरू झाला नोव्हेंबर 1941 मध्ये. तेव्हा किंग सोळा वर्षांचा पोरगा होता. मिसिसिपीत शेतावर राबायचा आणि जेवणाच्या सुट्टीत हाच कार्यक्रम ऐकायचा!

‘किंग बिस्किट’ हा प्रायोजकाच्या पिठाचा ब्रँड. (बिस्किट म्हणजे आपलं चहात बुडवायचं नव्हे, तिकडचा मऊ, फुगीर पाव.) सनी बॉय विल्यमसन स्टुडिओत हार्मोनिका वाजवायचा, मधे पिठाची जाहिरात.

निवेदक सनी पेन यांनीच हा कार्यक्रम सुरू केला, हेही खरं नाही. ते 1951 पासून निवेदन करू लागले, ते थेट 2018 मध्ये निधन होईपर्यंत.