सम्राट पेंग्विनची आई अंडं टाकून जात नाही

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला चार ग्रुपवर आला. मानेपाशी पिवळी झाक असलेल्या पेंग्विनचा फोटो आणि खाली मजकूर: सम्राट पेंग्विन आयुष्यात एकदाच जोडीदार निवडतो, गुळगुळीत दगड देऊन मागणी घालतो. मादी अंडं घालून समुद्रावर निघून जाते आणि बिचारा बाप चार महिने उपाशी राहून ते उबवतो. थंडीत थोरले बाहेर उभे राहून दुबळ्यांना आत घेतात. जोडीदार मेला की दुसरा अन्न सोडून प्राण देतो. शेवटी, 'आपल्या राणीच्या बागेत नेऊन मुलांना दाखवा.'

आमच्या घरच्या ग्रुपवर तो आला, त्याच आठवड्यात माझी भाची बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू झाली. डोंबिवलीहून सकाळी सातच्या आत निघते, बाळ आजीकडे असतं. मेसेजखाली एका काकांनी लिहिलं, 'पक्ष्यांतल्या आयाही अशाच म्हणायच्या.' तिने ते वाचलं आणि काहीच उत्तर दिलं नाही. मला मात्र गप्प बसवेना.

तेव्हा आधी आईचंच बघू. अंटार्क्टिकात हिवाळा लागायच्या सुमारास, मार्च-एप्रिलमध्ये, हे पक्षी गोठलेल्या समुद्रावर जमतात. मे-जूनमध्ये मादी एकच अंडं घालते, साडेचारशे ग्रॅमच्या आसपासचं. तोवर तिच्याही पोटात महिना-सव्वा महिना अन्नाचा कण गेलेला नसतो आणि अंगातली चरबी अंड्यात खर्ची पडलेली असते. मग दोघं छातीला छाती भिडवून उभी राहतात. ती मागे सरकते, अंडं तिच्या पायांवरून बर्फावर घरंगळतं, आणि नर ते चोचीनं स्वतःच्या पायांवर ओढून घेऊन वरून पोटाची उबदार घडी सोडतो. एवढ्यात उशीर झाला तर अंड्यातला जीव गोठतो. नवख्या जोड्यांची काही अंडी याच क्षणी जातात. अंडं नराच्या पोटाखाली नीट गेलं की मगच ती निघते.

ती जाते ती खायला, आणि खाऊन आणायला. मोकळं पाणी कधी कधी शंभर किलोमीटरच्या आसपास लांब असतं. बर्फावरून चालत, पोटावर घसरत जायचं. साधारण दोन महिन्यांनी, अंडं फुटायच्या सुमारास, ती पोटात मासे भरून परतते. ती वेळेत आली नाही तर बाप पिल्लाला फार दिवस जगवू शकत नाही. त्याच्या अन्ननलिकेत दुधासारखा एक पदार्थ तयार होतो, त्यावर थोडे दिवस निभतात, बस्स. ती आली की तो समुद्राकडे निघतो, आणि पुढे कित्येक आठवडे आळीपाळीनं असंच चालतं. काका, याला टाकून जाणं म्हणत नाहीत.

बाप उपाशी राहतो हे मात्र खरं, आणि ते मेसेजमध्ये लिहिलंय त्याहून अवघड आहे. बर्फावर जमल्यापासून आई परतेपर्यंतच्या चार महिन्यांच्या उपासात त्याचं वजन चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरतं, तेही उणे चाळीस अंशांच्या थंडीत, काळोखात, आणि त्यातले साधारण दोन महिने अंडं पायांवर सांभाळत. त्याच्या कष्टाचं कौतुक करायला आईला कमी लेखायची गरज नाही.

'थोरले दुबळ्यांना आत घेतात' हे वाचून मलाही छान वाटलं होतं. पण तिथे कुणी कायम बाहेर नसतो आणि कुणी कायम आत नसतो. गच्च घोळक्यात एकानं पाऊल टाकलं की शेजारचा सरकतो, मग त्याच्या पलीकडचा. दर मिनिटा-अर्ध्या मिनिटाला काही सेंटिमीटरची लाट घोळक्यातून जाते. गर्दीच्या लोकलमध्ये दारात एकजण आत शिरला की आतपर्यंत सगळ्यांना थोडं थोडं हलावं लागतं, तसं. वाऱ्याच्या तोंडचे पक्षी कडेकडेनं फिरून आडोशाच्या बाजूला येतात. घोळक्याच्या मधोमध तापमान कधी सदतीस अंशांपर्यंत चढतं. कुणी कुणाला जागा बहाल करत नाही. प्रत्येकजण स्वतःची ऊब शोधतो आणि त्यातून सगळ्यांना मिळते. मला हे त्या त्यागाच्या गोष्टीपेक्षा जास्त विलक्षण वाटतं.

दगडाची गोष्ट दुसऱ्याच पेंग्विनांची. अॅडेली आणि जेंटू दगडांची घरटी करतात. सम्राट पेंग्विन घरटंच बांधत नाही, त्याचं घर म्हणजे त्याचे पाय. आणि समुद्राच्या बर्फावर दगड येणार कुठून?

जन्माच्या जोडीचं मूळही इथेच सापडतं. ज्यांचं घरटं ठरलेलं असतं, ते पेंग्विन पुढच्या वर्षी तिथेच भेटतात. सम्राटाला घराचा पत्ता नाही आणि ताटकळत थांबायला अंगात चरबी नाही. म्हणून एका हंगामापुरती जोडी घट्ट असते, पण पुढच्या वर्षी तोच जोडीदार साधारण शंभरातल्या पंधरांनाच मिळतो. हजारोंच्या गलक्यात परतलेली मादी आपल्या नराला ओळखते ती हाकेवरून, कारण त्यांच्या गळ्यातून एकाच वेळी दोन सूर निघतात आणि ती जुळणी प्रत्येकाची निराळी असते. जोडीदार आलाच नाही, तर नर शेवटी अंडं किंवा पिल्लू सोडून समुद्राकडे जातो आणि पुढच्या हंगामात पुन्हा जोडी जमवतो. प्राण देत नाही.

आणि राणीची बाग. तिथले पेंग्विन हंबोल्ट जातीचे आहेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. २०१६ साली ते इथे आले. छातीवर काळा पट्टा, चोचीच्या मुळाशी गुलाबी कातडी, उंची जेमतेम दोन-सव्वादोन फूट. सम्राट चार फुटांच्या जवळ जातो. मुलांना जरूर न्या, पण नाव बरोबर सांगा.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मी ग्रुपवर लिहिली, तीच इथे लिहिते. पिल्लाच्या अंगावरची करडी लव पाण्यात टिकत नाही. जलरोधक पिसं डिसेंबर-जानेवारीपर्यंत येतात, तोवर पायाखालचा बर्फ टिकायला हवा. २०२२ साली अंटार्क्टिकाजवळच्या बेलिंग्सहाउझेन समुद्रात तो फार लवकर फुटला, आणि तिथल्या पाचपैकी चार वसाहतींतलं बहुधा एकही पिल्लू वाचलं नाही. त्या पिल्लांच्याही आया दोन महिन्यांनी बर्फ तुडवत, पोटात मासे घेऊन परतल्या होत्या.